तुमची टीप नेमकी कुणाच्या खात्यात जाते?

पूर्वी हॉटेलात टीप द्यायची म्हणून कुणी वेगळा विचार करत नसे. बिल ४६० रुपये व्हायचं, आपण पाचशेची नोट ठेवायची, वेटर ती गल्ल्यावर नेऊन बडीशेपेच्या ताटलीत चाळीस रुपये परत आणायचा. गल्ल्यावर बसणारा माणूसही मुरलेला. विसाच्या दोन नोटा न देता तो एक वीस आणि दोन दहा द्यायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला काहीतरी मागे सोडायला सोय. आपण विसाची उचलायची, बाकीचं ताटलीत राहू द्यायचं. एक शब्दही न बोलता काम व्हायचं.

यूपीआयने ती ताटलीच काढून घेतली. ४६० चं बिल म्हणजे ४६०, ना एक रुपया कमी ना जास्त. सुट्टे परत येतच नाहीत, मग मागे सोडणार काय? २०१६ साली यूपीआय सुरू झालं, त्याच वर्षीच्या ८ नोव्हेंबरच्या नोटबंदीने लोकांना तिकडे ढकललं आणि करोनानंतर तर चहाच्या टपरीवरही स्कॅनर लागला. वेटर मंडळी म्हणतात, लोक चिकट झालेत. मला तसं वाटत नाही. टीप ही सुट्ट्या पैशांच्या आधाराने चालणारी रीत होती. सुट्टे गेले आणि रीत लटकली, एवढंच. पूर्वी टीप न देण्यासाठी ताटलीतले पैसे उचलावे लागत, आता टीप देण्यासाठी मुद्दाम काहीतरी करावं लागतं.

हे 'काहीतरी' म्हणजे काय, ते या लेखात बघू. एक गोष्ट आधीच सांगतो. नोट हातात दिली की ती कुणाची झाली हा प्रश्न उरत नाही. फोनवरून पैसे पाठवले की पहिला प्रश्न तोच पडायला हवा: हे कुणाच्या खात्यात चालले आहेत?

टेबलावरचा स्कॅनर मालकाचा असतो

हॉटेलात टेबलावर उभा केलेला किंवा गल्ल्यावर चिकटवलेला क्यूआर कोड हॉटेलच्या खात्याला जोडलेला असतो. ८७० च्या बिलाला तुम्ही आपण होऊन ९२० टाकलेत, तर साउंडबॉक्स नऊशे वीस मिळाल्याचं ठणकावून सांगेल, पण ते सगळे मालकाला मिळाले. वरचे पन्नास वेटरला मिळायचे असतील, तर रात्री हिशेब जुळवताना ते कशाचे हे कुणाच्या तरी लक्षात राहायला हवं आणि तेवढी रोकड गल्ल्यातून काढून द्यायची मालकाची इच्छाही हवी. बरं, आता गल्ल्यातही पूर्वीसारखी रोकड नसते. अनेक ठिकाणी हे पन्नास रुपये 'जास्त आले' या सदरात बसतात आणि तिथेच राहतात. मालक लबाडच असतो असं नाही. पैशांवर नाव लिहिलेलं नसतं, ही खरी अडचण.

म्हणून छोट्या हॉटेलात, जिथे मालक स्वतः गल्ल्यावर असतो, तिथे स्कॅन करताना तोंडाने सांगावं: "आठशे सत्तर बिलाचे, पन्नास यांचे. यांना आत्ता गल्ल्यातून द्या." वेटरच्या देखत सांगितलं की काम होतं. थोडं अवघड वाटतं, पण पहिल्यांदाच.

मोठ्या हॉटेलात हा मार्गही बंद असतो. तिथे बिलावरच क्यूआर छापून येतो आणि त्यात रक्कम आधीच भरलेली असते, ती वाढवता येत नाही. कार्डाच्या काही मशीनवर टिपेची सोय असते; पिन टाकण्याआधी टिपेची रक्कम वेगळी घालतात आणि ती पावतीवर वेगळी छापून येते. ही त्यातल्या त्यात स्वच्छ पद्धत, कारण निदान कागदावर ते पैसे टीप म्हणून नोंदले जातात. मशीन पुढे आल्यावर "टीप वेगळी टाकता येते का?" एवढं विचारायचं.

पुढे ती टीप वाटली कशी जाते, हे त्या त्या हॉटेलवर. कुठे ज्याच्या टेबलाची त्याला, कुठे सगळी एका डब्यात आणि आठवड्याने वाटणी. डब्याची पद्धत मला पसंत आहे, कारण त्यात आत भांडी घासणाऱ्या पोरालाही हिस्सा मिळतो, जो तुम्हाला कधी दिसतच नाही. फक्त डबा कामगारांनी मिळून मोजावा, मॅनेजरने एकट्याने नाही.

कार्डावरची टीप कुणाची, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे, पण प्राप्तिकराच्या वाटेने. ग्राहक कार्डाने बिलासोबत टीप देत, ती आधी हॉटेलकडे जमा होई आणि मग कर्मचाऱ्यांत वाटली जाई. प्राप्तिकर खात्याचं म्हणणं, हा पगारच झाला, हॉटेलने त्यावर टीडीएस (पगार देतानाच कापून घ्यायचा कर) कापायला हवा होता. एप्रिल २०१६ मध्ये आयटीसी या तेव्हा हॉटेलंही चालवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात न्यायालयाने ते नाकारलं. टीप ग्राहक देतो, मालक नाही. मालक ते पैसे कर्मचाऱ्यांच्या वतीने फक्त सांभाळतो आणि त्यांच्या हवाली करतो, त्यामुळे तो पगार नव्हे. कर्मचाऱ्यासाठी ते 'इतर मार्गांनी मिळालेलं उत्पन्न' ठरतं. (यावरून कुणी वेटर घाबरणार असेल तर सांगतो, नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. टिपांच्या जोरावर कुणी तिथे पोचलाच तर त्याचं अभिनंदन करू.)

मात्र हा निकाल कराबद्दलचा आहे. मालकाने टीप दाबून ठेवली तर ती त्याच्याकडून वसूल करून देईल असा टिपांचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. ब्रिटनमध्ये नेमक्या याच दुखण्यावर कायदा झाला. तिथेही रोख टीप वेटरच्या खिशात जायची आणि कार्डावरची मालकाच्या खात्यात. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून मालकाला टिपेतला एकही पेनी ठेवता येत नाही. पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत ती कामगारांत न्याय्य पद्धतीने वाटावी लागते आणि वाटणीचं धोरण लेखी ठेवावं लागतं. लंडनला मुलाकडे गेलेल्या आजी-आजोबांना तिथल्या बिलावर टीप दिसली की राग येतो. निदान ती मालकाला ठेवता येत नाही, एवढं त्यांना सांगायला हरकत नाही.

सर्व्हिस चार्ज म्हणजे टीप नव्हे

मुंबई-पुण्यातल्या जरा बऱ्या रेस्टॉरंटांत बिलाखाली पाच किंवा दहा टक्के सर्व्हिस चार्ज असतो. 'यातच टीप आली' असं समजून लोक उठतात. ती रक्कम हॉटेलच्या उत्पन्नात जाते. त्यातलं वेटरला किती द्यायचं आणि द्यायचं की नाही, हे हॉटेल ठरवतं. शिवाय ती बिलात धरली की जीएसटी तिच्यावरही लागतो. दीड हजाराच्या जेवणावर दहा टक्के म्हणजे दीडशे, आणि त्या दीडशेवर पाच टक्के म्हणजे आणखी साडेसात रुपये. टिपेवर कर भरणारे आपणच असू.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली: सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाने लावायचा नाही, न देणाऱ्याला अडवायचं नाही. हॉटेल संघटना न्यायालयात गेल्या, अंमलबजावणी काही काळ थांबली आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळून तत्त्वं कायम केली. संघटनांनी त्यावर पुढे अपील केलं. तुमच्यापुरतं सांगायचं तर, चार्ज काढायला सांगणं हा तुमचा हक्क आहे. नाही काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. पण चार्ज काढायला लावून वेटरलाही काही न देता निघणारा माणूस मला फारसा आवडत नाही. काढलात ना? मग त्यातले थोडे तरी ज्याने वाढलं त्याच्या हातात जाऊ देत.

थेट त्या माणसाला द्यायचं तर

मधला माणूस नको असेल तर सरळ विचारायचं: "तुमचा स्कॅनर आहे का?" सलूनमधला कारागीर, पार्लरमधली मुलगी, घरी एसी दुरुस्त करायला आलेला माणूस, लॉजवर बॅगा वर नेणारा पोऱ्या, यांच्यातले बरेच जण फोनच्या गॅलरीत स्वतःचा क्यूआर ठेवतात. स्कॅन केल्यावर पडद्यावर नाव येतं, ते वाचून दाखवा. "सुनीता... तुमचंच ना?" कधी नाव नवऱ्याचं निघतं, कधी भावाचं. बाईच्या हाती फोन असतो पण खातं घरातल्या पुरुषाचं, हे आपल्याकडे सर्रास आहे. तिने "मग राहू द्या" असं म्हटलं तर ते नुसतं संकोचाने म्हटलंय असं धरून चालू नका. तिला ते पैसे घरात दिसायला नको असतील. तिथे नोटच द्यावी.

नंबर मागण्यापेक्षा स्कॅनर मागणं बरं. अनोळखी गिऱ्हाइकाला आपला नंबर देणं एखाद्या मुलीला नको वाटू शकतं. उलट बाजूनेही तेच. तुम्ही पैसे पाठवलेत की समोरच्याला तुमचं बँकेतलं नाव दिसतं आणि बऱ्याच जणांचा यूपीआय आयडी म्हणजे मोबाइल नंबरच असतो. अ‍ॅपवरून येणाऱ्या डिलिव्हरीवाल्यापासून तुमचा खरा नंबर लपवलेला असतो. दारात तीस रुपये जीपे करून तुम्ही तो आपल्या हाताने देऊन बसू शकता. बहुतेक अ‍ॅपमध्ये नंबर नसलेला आयडी बनवता येतो. एकट्या राहणाऱ्या बायकांनी दोन मिनिटं खर्चून तो बनवून घ्यावा.

वीस-तीस रुपये पाठवायला लाज वाटते, असं काही जण म्हणतात. वाटू नये. खात्यातून खात्यात यूपीआयने पाठवायला शुल्क नाही, वीस पाठवले की वीसच पोचतात. अशा फुटकळ रकमांसाठी यूपीआय लाइट सोयीचं. त्यात पाच हजारांपर्यंत पैसे आधी भरून ठेवता येतात, एका वेळी हजारापर्यंत पिन न टाकता जातात आणि प्रत्येक वीस रुपयांची ओळ पासबुकात उमटत नाही.

आणि तरीही समोरचा म्हणाला, "कॅश असेल तर द्या ना", तर त्याला कारणं असतात. सायबर चोरीचा पैसा फिरत फिरत एखाद्याच्या खात्यात आला की पोलिसांच्या सूचनेवरून बँक ती रक्कम किंवा सगळं खातंच गोठवते. हातावर पोट असलेल्या माणसाचं खातं महिनाभर अडकलं तर त्याने जायचं कुठे? जुलै २०२५ मध्ये बंगळुरूत यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त कॅश' अशा पाट्या लागल्या. ती बातमी आपल्याकडच्या भाजीवाल्यांपर्यंतही पोचली. वेटरच्या टिपांचा त्या नोटिसांशी संबंध नाही, पण धास्ती संबंध बघून बसत नाही.

अ‍ॅपवरचं बटण

खाणं किंवा किराणा मागवताना बिलात डिलिव्हरी फी, प्लॅटफॉर्म फी, पावसाची फी असं बरंच काही येतं. यातली कुठलीही फी म्हणजे टीप नव्हे. प्लॅटफॉर्म फी तर सरळ कंपनीची. आणणाऱ्याचा मोबदला कंपनीच्या वेगळ्या हिशेबाने ठरतो. टिपेचं बटण वेगळं असतं. त्यातली पूर्ण रक्कम डिलिव्हरी पार्टनरला जाते, असं झोमॅटो सांगतं.

मग लोक ते बटण दाबतात का? जानेवारी २०२६ मध्ये झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी काही आकडे जाहीर केले होते. २०२५ मध्ये डिलिव्हरी पार्टनरची तासाची सरासरी कमाई टीप सोडून सुमारे १०२ रुपये, तीही पेट्रोलचा खर्च वजा न करता. टीप मिळते झोमॅटोच्या साधारण ५ टक्के आणि ब्लिंकिटच्या अडीच टक्के ऑर्डरींवर. सरासरी काढली तर तासाला २ रुपये ६० पैसे. शंभरातल्या पंच्याण्णव जणांनी बटणाकडे बघितलंही नाही. दारात उभ्या माणसाला "थांबा हं" म्हणून आत जाऊन दहाची नोट आणणारी पिढी हीच. बटण दाबताना मात्र समोर माणूस नसतो, आणि भूक लागलेली असते. माझं म्हणणं, ऑर्डर देताना नाही तर ती हातात आल्यावर टीप द्यावी. अ‍ॅपमध्ये नंतरही देता येते आणि धो धो पावसात माणूस कसा आला हे तोवर डोळ्यांनी दिसलेलं असतं.

आगाऊ टिपेवरून तर वादही झाला. मे २०२५ मध्ये उबरने 'लवकर गाडी हवी तर आधीच टीप द्या' असा पर्याय दाखवला म्हणून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस पाठवली. चांगल्या सेवेबद्दल नंतर देतात ती टीप, सेवा मिळावी म्हणून आधी देतात ती बोली. पुढे केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांतही आलं की टिपेचा पर्याय प्रवास संपल्यावरच दाखवावा आणि पूर्ण रक्कम चालकाला द्यावी. रिक्षात मात्र जुना उपाय अजून चालतो: मीटर ८७ झालं तर १०० स्कॅन करायचे. तिथे स्कॅनर त्याचाच असतो, मध्ये मालक नाही.

थोडी रोकड लागतेच

हॉस्पिटलमधली आया, स्टेशनवरचा हमाल, लग्नाच्या हॉलमध्ये हात धुवायला पाणी देणारे म्हातारे काका, यांच्याकडे स्कॅनर असेलच असं नाही आणि तो मागणं बरंही दिसत नाही. यांच्यासाठी दहा-विसाच्या नोटा जवळ हव्यात. प्रश्न असा की त्या आणायच्या कुठून, कारण एटीएम पाचशे फेकतं. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना सांगितलं की ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत ७५ टक्के आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममध्ये निदान एका कप्प्यातून शंभर किंवा दोनशेच्या नोटा मिळायला हव्यात. दहा-विसासाठी मात्र बँकेच्या काउंटरवर जावं लागतं. त्याहून सोपं म्हणजे ओळखीच्या दूधवाल्याला किंवा पेपरवाल्याला "पाचशेचे सुट्टे द्या, मी फोनपे करतो" म्हणायचं. महिन्यातून एकदा. त्या नोटा पाकिटात ठेवल्या तर खर्च होतात. गाडीच्या डिकीत किंवा फोनच्या कव्हरमागे ठेवल्या तर टिकतात.

जिथे द्यायची गरज नाही

सिलिंडर घरपोच देण्याचा खर्च त्याच्या बिलातच धरलेला असतो. "वर तीस द्या" ही मागणी टीप नाही, आणि नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर चौदा किलो गॅस आणि वर लोखंडी टाकी खांद्यावरून आणणाऱ्याला मी तरी नाही म्हणत नाही. तुम्ही तळमजल्यावर राहत असाल तर खुशाल म्हणा.

सरकारी कर्मचाऱ्याचं प्रकरण वेगळं. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीच्या नातेवाइकांकडे 'खुशाली' मागणारा, दाखला देताना 'चहापाणी' मागणारा, हे टिपेत मोडत नाहीत. ती लाच आहे आणि त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे. गंमत म्हणजे असे लोक जीपे सहसा घेत नाहीत.

दिवाळीची पोस्त

सोसायटीतली पोस्त ही वर्षातली सगळ्यात मोठी टीप, आणि बिनरोकडीच्या जमान्यात सगळ्यात सोपीही. पूर्वी वॉचमन, सफाईवाली, लिफ्टमन दारोदार फिरायचे, आणि दार उघडायचं की नाही यावरून घराघरांत चर्चा व्हायची. आता अनेक सोसायट्या व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना टाकतात: प्रत्येक फ्लॅटमागे अमुक रुपये, सोसायटीच्या खात्यात यूपीआयने, अमुक तारखेपर्यंत. सेक्रेटरी रोकड काढतात आणि पाकिटं वाटतात.

यात दोन जागा निसरड्या आहेत. वॉचमन बहुतेक वेळा एजन्सीचा असतो. 'एजन्सीला देऊ, ते वाटतील' असं कुणी सुचवलं तर नको म्हणा, पाकीट माणसाच्या हातात द्या. आणि यादी नोटीस बोर्डावर लावा, किती जमले, कुणाला किती गेले. यादी बनवताना रात्रपाळीवाला आणि बदली वॉचमन हमखास सुटतात. पुण्यात कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईही सुटतात, कारण त्यांना दरमहा पैसे देतोच असं लोकांना वाटतं. ते सेवाशुल्क झालं, पोस्त नव्हे. घरकामाच्या बाईंची दिवाळी मात्र सोसायटीच्या यादीत घालू नका. एक महिन्याचा पगार वर, ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि ती ज्याच्या त्याच्या घराने पाळायची.

वॉचमन लोक गावाला जायच्या आत, म्हणजे वसुबारसेच्या आधी, पाकिटं देऊन झालेली बरी. नंतर एटीएमपुढे रांगा लागतात आणि सेक्रेटरीही गावाला गेलेले असतात.